बेसबॉलमधला ‘बॅटर’ म्हणजे फलंदाजच का?

सातरस्ता
आमच्या शाळेत यंदा मुलींचा बेसबॉल सुरू केलाय. नियमांचं दोन पानी मराठी टिपण करतेय आणि पहिल्याच ओळीत अडलेय. ‘फलंदाज’ म्हटलं की मुली फलंदाजीच करतात. बॅट जमिनीवर टेकवून उभ्या राहतात, चेंडूच्या टप्प्याची वाट बघतात, फटका बसला तर बॅट हातात घेऊन पळतात. परवा एकीने चेंडू छान तटवला आणि जागेवरच उभी राहिली. दुसरा शब्द आहे का? आणि ‘स्ट्राइक’चं काय करू?

पार्कवाला
मॅडम, फलंदाज राहू द्या. गोलंदाज हा मुळात तोफखान्यातला शब्द, तोफ डागणारा. त्यातलं ‘अंदाज’ फारसी, म्हणजे टाकणारा, फेकणारा. तीरंदाजमध्येही तेच. त्या चालीवर फलंदाज झाला. अक्षरशः अर्थ लावला तर फळी फेकणारा, आणि फटका मारून बॅट खाली टाकून पळतो तो बेसबॉलवालाच. क्रिकेटवाला ती छातीशी धरून पळतो. (भिरकावायची मात्र नाही, मागे चेंडू झेलणारी कॅचर बसलेली असते.)

खरी अडचण पुढे आहे. क्रिकेटमध्ये बाद होईपर्यंत माणूस फलंदाजच. पळतानाही फलंदाज, पलीकडच्या टोकाला नुसता उभा असला तरी फलंदाज. बेसबॉलमध्ये ही भूमिका चार फूट बाय सहा फुटांच्या चौकटीपुरती. चेंडू मारून मैदानात पडला की नियमपुस्तकात तिचं नाव ‘बॅटर-रनर’ होतं आणि पहिल्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, सुखरूप पोचली की नुसती ‘रनर’. म्हणून टिपणात फलंदाजाच्या शेजारी ‘धावक’ लिहाच. तटवून उभं राहायची सोयच नाही. चेंडू हद्दीत पडला की पळणं सक्तीचं. पहिला बेस ९० फुटांवर, चेंडू तिथल्या क्षेत्ररक्षकाच्या हातात आधी पोचला आणि त्या क्षेत्ररक्षकाचा पाय बेसवर असला की पळणारी बाद, अंगाला चेंडू लावायचीही गरज नाही. ‘नको, नको’ म्हणून जोडीदाराला परत पाठवणं हे सगळं क्रिकेटमध्ये ठेवून यायचं.

शेंगाचटणी
क्रिकेटच्या नियमांत इंग्रजीतला ‘बॅट्समन’ जाऊन ‘बॅटर’ २०२१ मध्ये आला. आपल्याकडे फलंदाज आधीपासूनच तो किंवा ती, दोन्ही. त्यामुळे मुलींसाठी वेगळा शब्द शोधू नका.

स्ट्राइकला मात्र हात लावू नका, तसाच ठेवा. शब्दाचा अर्थ मारणं, पण इथे चेंडू नीट आला आणि मारला नाही तरी स्ट्राइक, बॅट फिरवून हुकला तरी स्ट्राइक. ‘फटका’ किंवा ‘प्रहार’ लिहिलंत तर पोरी म्हणतील, मॅडम, मारलाच नाही तर प्रहार कसला? शिवाय क्रिकेटमध्ये ‘स्ट्राइकवर’ म्हणजे चेंडू खेळायला समोर उभा. आणि गिरण्यांच्या सोलापुरात घरच्या आज्जीला विचाराल तर स्ट्राइक म्हणजे संप! तीन अर्थ झाले, चौथा आपण नको घालायला.

‘बॉल’ जास्त घोळाचा. चेंडू स्ट्राइकच्या पट्ट्याबाहेरून गेला आणि तिने बॅट फिरवली नाही, तर तो ‘बॉल’. असे चार झाले की पहिला बेस फुकट. पण मराठीत ‘चौथा बॉल’ म्हणजे चौथा चेंडू. त्याला मी सरळ ‘बाहेरचा’ म्हणेन: दोन स्ट्राइक, तीन बाहेरचे. पट्टा सांगताना आकडे द्या. रुंदी होम प्लेटइतकी (फलंदाजाजवळ जमिनीवर बसवलेली पाटी), म्हणजे १७ इंच. खालची कड गुडघ्याच्या वाटीखाली, वरची कड खांदे आणि कंबर यांच्या मधोमध. तेवढ्यातला चेंडू सोडायचा नाही, हे कळलं की अर्धी फलंदाजी आली.

सातरस्ता
‘बाहेरचा’ आवडला. उभं राहण्याबद्दल कुणी सांगेल का? ‘सरळ बॅट’ हा शब्द त्यांच्या डोक्यातून जात नाही.

पार्कवाला
तो शब्दच टिपणातून काढा. चेंडू बिनटप्प्याचा, थेट कमरेच्या आसपास येतो आणि बॅट गोल, मग सरळ बॅट करायची कशाला? बॅट मागच्या खांद्याजवळ उभी, दोन्ही हात एकमेकांना चिकटून. दार ठोठावताना आपण बोटांची जी पेरं वापरतो, ती दोन्ही हातांची साधारण एका रेषेत यावीत. मूठ आवळायची नाही. पुढचा पाय छोटा टाकायचा, आधी कंबर वळवायची, हात मागून. क्रिकेटच्या मुली हात आधी फेकतात, म्हणून चेंडू नुसता उंच उडतो.

कडकभाकरी
आणि ‘होम’, म्हणजे शेवटचा बेस, लिहिताना जपून की ओ! सोलापुरात होम म्हणजे होम मैदान, गड्ड्याच्या यात्रेत होमप्रदीपन होतं ते. ‘होमला पोच’ म्हटलं तर पोरगी सिद्धेश्वराच्या देवळाकडे सुटेल. ‘घर’ लिहा, ठिकरीत असतं तसं. चारही बेस फिरून घरी आली की एकच धाव, हेही ठळक लिहा. क्रिकेटच्या हिशोबाने पोरी चार मोजतात.

सातरस्ता
😀 शेवटचं. फाउल (हद्दीबाहेर गेलेला फटका) आणि तिसरा स्ट्राइक, यावर रोज भांडणं.

पार्कवाला
पहिले दोन फाउल स्ट्राइकमध्ये मोजतात. दोन स्ट्राइक झाल्यावर कितीही फाउल गेले तरी आकडा दोनच. अपवाद बंटचा: तेव्हा नुसती बॅट आडवी धरून चेंडू थोपवायला गेली आणि फाउल झाला, तर बाद.

तिसऱ्या स्ट्राइकवर बाद, पण गंमत अशी की तो चेंडू कॅचरने झेलावा लागतो. सुटला किंवा टप्पा पडून हातात आला, आणि पहिला बेस रिकामा असेल किंवा आधीच दोन बाद असतील, तर हुकलेलीही पळू शकते. तिला ना फलंदाज म्हणता येत ना बाद. तिथे ‘धावक’च लिहा.