भाव पडले म्हणून माणसं कापली जातात का? (रवांडा, १९९४)

पराटी_यवतमाळ
अभ्यासिकेत दोन तट पडलेत. एक म्हणतो, जुलै १९८९ मध्ये जागतिक कॉफी करारातला कोटा मोडला, भाव निम्म्यावर आले, शेतकरी बुडाला, म्हणून १९९४ ची तुत्सींची कत्तल. दुसरा म्हणतो, हुतू आणि तुत्सी या तिथल्या दोन समाजांचं जुनंच वैर. पेपरात कारण काय लिहायचं?

झाडीपट्टी
नुसत्या भावाने गावं पेटत असती तर कापसाने वऱ्हाड कितीदा पेटलं असतं. इथल्या शेतकऱ्याने फवारणीचा डबा स्वतःच्या तोंडाला लावला, शेजाऱ्यावर इळा उचलला नाही. कॉफी पडल्याने सरकारची तिजोरी आटली आणि रिकामी पोरं सत्ताधारी पक्षाच्या इंटरहाम्वेसारख्या टोळ्यांना आयती सापडली, एवढंच.

'जुनं वैर' तर खोडाच. दोघांची भाषा एक, किन्यारवांडा. राहायला एकाच टेकडीवर. ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हा शिक्का १९३० च्या दशकात बेल्जियमच्या राजवटीत आला. १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तेच कार्ड मागून माणसं वेगळी काढली.

कोतवाल_बुक
यंत्रणा पाहा. कम्यूनचा, म्हणजे आपला तालुका समजा, प्रमुख बर्गमास्टर, त्याखाली सेक्टर, त्याखाली सेल. कोणत्या घरात कोण, हे खालच्या माणसाला तोंडपाठ. 'उमुगांडा' नावाचं सक्तीचं श्रमदान आधीपासून होतं, त्याच सवयीने माणसं बोलावली. मारण्याला शब्दही 'काम' हाच. जानेवारी १९९३ ते मार्च १९९४ या काळात ५८१ टन कोयते आयात झाले. एकाचं वजन किलोभर धरलं तर ५,८१,००० नग. शेतीचं अवजार, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. जुलै १९९३ पासून कडव्या हुतूंचा आरटीएलएम रेडिओ होताच. कुणाला मारायचं त्यांची नावं तो सांगे, गाड्यांचे नंबरही.

वर्धाकाठ
भाऊ, युद्ध कुठे गेलं? १ ऑक्टोबर १९९० ला आरपीएफ, म्हणजे परागंदा तुत्सींची सशस्त्र संघटना, युगांडातून घुसली, उत्तरेतले लाखो लोक विस्थापित झाले. ती भीती नसती तर रेडिओ ऐकून लोक हसले असते. त्यात ऑगस्ट १९९३ च्या अरुशा कराराने सरकारला आरपीएफबरोबर सत्ता आणि सैन्य वाटून घ्यावं लागणार होतं. कडव्या हुतूंच्या पोटात गोळा आला तो इथे.

कोतवाल_बुक
मान्य. पण युद्ध, भाव, रेडिओ हे सगळं बुटारे शहरातही होतं ना? ६ एप्रिलच्या रात्री राष्ट्राध्यक्षांचं विमान पडलं, दुसऱ्या दिवसापासून राजधानी किगालीत प्रेतांचे खच. बुटारेचा प्रिफेक्ट, म्हणजे आपला कलेक्टर समजा, देशातला एकमेव तुत्सी प्रिफेक्ट. त्याने जवळपास दोन आठवडे शहर आवरून धरलं. १७ तारखेला त्याला हटवल्याचं रेडिओवर सांगितलं, १९ ला हंगामी राष्ट्राध्यक्ष येऊन भाषण ठोकून गेले आणि लगेच तिथेही कत्तल सुरू. २१ ला संयुक्त राष्ट्रांनी अडीच हजारांतले २७० सैनिक ठेवायचं ठरवलं. म्हणजे कत्तल वरून हुकूम आल्यावरच झाली. पेपरात बुटारे आधी लिहा, कॉफी नंतर.

पराटी_यवतमाळ
मृतांचा आकडा?

झाडीपट्टी
सुमारे १०० दिवसांत ५ ते ८ लाख. दहा लाखांवरचा आकडा लिहिलात तर 'रवांडा सरकारनुसार' हे शब्द जोडा, नाहीतर मार्क कापतात.