मदत हवी आहे: वाईपासून पुढे वडापने (शेअर जीपने) फिरणं जमेल का?

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज झाली की तीन दिवस वाई, मेणवली, धोम, पाचगणी असं फिरायचंय. आम्ही चौघं: मी, बायको, आठवीतला मुलगा आणि ७६ वर्षांची आई. घरची गाडी नाही. स्वारगेटहून वाईपर्यंत एसटीनेच जाणार, कारण आईला ७५ च्या पुढची म्हणून फुकट, बायकोला २०२३ पासून अर्धं तिकीट. (ह्या हिशेबात मी आणि मुलगाच महाग पडतो!)

प्रश्न वाईच्या पुढचा. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आईला बघायचाच आहे. तिकडे वडाप किंवा शेअर व्हॅन मिळते का? की रिक्षाच ठरवावी? संध्याकाळी परतीला शेवटची गाडी साधारण किती वाजता असते?

मुख्य काळजी वाईहून पाचगणीला जाताना लागणाऱ्या पसरणी घाटाची. मागे एकदा दुसऱ्या एका घाटात नऊ जणांच्या जीपमध्ये चौदा कोंबले होते, आईचे गुडघे दोन दिवस धरले होते. दोन सीटचे जादा पैसे देऊन पुढची जागा अडवता येते का? ड्रायव्हर ऐकतात का? ताजा अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा.