परीक्षेच्या दिवसांत पोय: फोंड्याच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

ए-३०२: नमस्कार मंडळी. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्यात, घरोघरी सगळेच ताणात आहेत. संध्याकाळी तासभर हात गुंतून राहतील आणि डोकं जरा निवेल, असं बेकिंगमधलं साधं काही सुचवा. अंडं नको. ओव्हन लहान आहे, १९ लिटरचा.

डी-४०१: बेबिंका! गोव्यात राहून दुसरं काय?

सी-१०४: नको हो दादा. बेबिंकाला दहा-बारा बलक लागतात आणि वहिनींनी अंडं नको म्हटलंय. पण ते सोडलं तरी या दिवसांत बेबिंका धरूच नये. एक थर ओता, वरच्या आचेवर लाल होईपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसा, वर तूप लावा, मग पुढचा थर. असे निदान सात. मन आधीच सैरभैर असताना जिथे चुकायला जागाच नाही असा पदार्थ घेतला की ताण वाढतो. आधी हातांना भरपूर काम आणि मग पीठ आपलं आपण फुगतंय, असं काहीतरी हवं. वहिनी, पोय करा, आपला कोंडा लावलेला गव्हाचा गोल पाव.

ए-३०२: पोय? पाववाला पोदेर तर रोज सकाळी भोंगा वाजवत दारात येतो, काकू.

सी-१०४: त्याची घेणं बंद करू नका, भट्टीची चव आपल्या ओव्हनला यायची नाही. ही करायची ती मळण्यासाठी. प्रमाण लिहून घ्या, आठ पोया होतात:
कणीक २०० ग्रॅम, मैदा २०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम (सपाट सव्वा चमचा), मीठ ८ ग्रॅम, साखर १ चमचा, कोमट पाणी २७० मिली. वरून लावायला गव्हाचा कोंडा. विकत आणू नका, कणीक बारीक चाळणीने चाळा, चाळणीत राहतो तोच.
गिरणीवरून दळून आणलेली कणीक पाणी जास्त पिते, तिला आणखी १५-२० मिली लागेल.

बी-२०१: यात सूर (माडाची ताडी) नाही का घालायची काकू?

सी-१०४: पूर्वीचे पोदेर माडाची सूरच घालायचे, तिच्यावरच पीठ फुगायचं. आता बहुतेक ठिकाणी यीस्ट. ताजी सूर मिळाली तरी तिचा जोर रोज वेगळा असतो, म्हणून पहिल्या खेपेला यीस्टच बरं.

ए-३०२: यीस्टचं काही केलं की दगड होतो असं पुष्कळजण म्हणतात. का होतं तसं?

बी-२०१: तीन कारणं, वहिनी. पहिलं, यीस्ट मेलेलं. पाकीट उघडून ओट्यावर राहिलं की आपल्याकडच्या दमट हवेत महिन्याभरात त्याचा जीव जातो. घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा. शंका असेल तर अर्धी वाटी कोमट पाणी, चमचाभर साखर, चमचाभर यीस्ट. दहा मिनिटांत वर फेस आला नाही तर टाकून द्या. दुसरं, पाणी कढत. बोट आत सुखाने राहिलं पाहिजे. तिसरं आणि सगळ्यात जास्त होणारं: पीठ हाताला चिकटतं म्हणून लोक वर कोरडं पीठ भुरभुरत राहतात. तिथेच दगड होतो.

सी-१०४: अगदी खरं. चिकटू दे. पहिली तीन-चार मिनिटं ते बोटांना लोंबणारच. दहा मिनिटं झाकून तसंच ठेवा, पीठ पाणी पिऊन घेतं आणि अर्धं काम आपोआप होतं. मग मळायला घ्या. तळहाताच्या मुळाने पुढे ढकला, घडी घाला, पाव वळसा फिरवा. ढकलताना श्वास सोडायचा, घडी घालताना घ्यायचा. फोन दुसऱ्या खोलीत. घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये थांबायचं नाही.
या दहा मिनिटांत नजर पिठावर ठेवा. आधी ते खरबरीत असतं, ओढलं की तुटतं. पाचव्या-सहाव्या मिनिटाला परात सोडायला लागतं. मग अंगावर मंद चकाकी येते आणि दाबून पाहिलं तर कानाच्या पाळीसारखं लागतं. कोंड्याचे कण तेवढे बोटाखाली टोचत राहतात. डोकं निवतं ते इथेच, कारण प्रत्येक मिनिटाला हाताखाली काहीतरी बदलत असतं आणि लक्ष त्यामागे जातं. मशीनमध्ये मळलंत तर पोय होईल, हे होणार नाही.

सचिव: हाताने मळायला आवाजही होत नाही. परीक्षा संपेपर्यंत रात्री नऊनंतर मिक्सर नको ही विनंती पुन्हा एकदा सगळ्यांना.

ए-३०२: 🙏 मळल्यावर पुढे?

सी-१०४: तेलाचं बोट फिरवलेल्या पातेल्यात झाकून ठेवा. सध्याच्या उकाड्यात ४५ मिनिटं ते तासाभरात दुप्पट होतं. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा: ओलं बोट खुपसा, खळगा हळूहळू अर्धा भरून आला तर तयार. लगेच भरला तर अजून वेळ द्या. अजिबात भरला नाही आणि आंबूस वास आला तर जास्त फुगलंय. हवा काढून लगेच गोळे करा, खाण्यात फरक थोडाच पडतो.
८५-८५ ग्रॅमचे आठ गोळे. कोंड्यात घोळवून हाताने थापा, करंगळीच्या निम्म्या जाडीचे. कडा पातळ नि मध्य जाड नको, सगळीकडे सारखं. ओल्या फडक्याखाली २० मिनिटं.

डी-४०१: ओव्हन किती डिग्री?

सी-१०४: २३०, वरखालचे दोन्ही रॉड चालू. ट्रे उलटा घालून ओव्हन २० मिनिटं आधी तापवा, पोय त्या तापलेल्या ट्रेवरच टाकायची. एका वेळी तीन. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला काचेतून बघा, आधी कडा उचलतात आणि मग मधला भाग टम्म वर येतो. खालून जबर उष्णता लागली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि तीच दोन पापुद्रे सुटे करते. ट्रे थंड असेल, थापताना भेग पडली असेल किंवा वरचा भाग वाळला असेल तर फुगत नाही. ८ ते १० मिनिटांत काढा. फार लाल करू नका, कडक होते.

बी-२०१: लहान ओव्हनच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, १५-२० डिग्री इकडेतिकडे असतात. साखर १८५च्या आसपास वितळते. फॉइलवर चमचाभर साखर ठेवून १७५वर १५ मिनिटं ठेवा. वितळली तर तुमचा ओव्हन जास्त तापतो. मग १९० करा. तरीही वितळली नाही तर कमी तापतो.
आणि कृपा करून एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. १२००-१५०० वॅटचं यंत्र आहे, १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा.

बी-४०३: संध्याकाळी सहाला सुरू करून जेवणापर्यंत होत नसेल तर?

सी-१०४: यीस्ट निम्मं करा, २ ग्रॅम. रात्री मळून मोठ्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, ८ ते १२ तास. सकाळी अर्धा-पाऊण तास बाहेर काढून गोळे करा. चव जास्त चांगली येते. पेपरच्या दिवशी सकाळी मात्र हा घाट घालू नका.

डी-४०१: गोडात काही?

बी-२०१: बाथ, म्हणजे रवा-नारळाचा केक, बिनअंड्याचा. बारीक रवा २५० ग्रॅम, साखर २००, खवलेला नारळ १५०, दही २०० मिली, दूध १५० मिली, पातळ केलेलं लोणी १००, वेलची. कालवून फ्रीजमध्ये तीन-चार तास. बाहेर ठेवलंत तर या हवेत नारळ आंबतो. भाजायच्या वेळी दीड चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा, आधी नाही. घट्ट झालं असेल तर थोडं दूध. १७० डिग्री, ४० ते ४५ मिनिटं. रवा पुरता भिजला नसेल तर दुसऱ्या दिवशी वाळूसारखा लागतो, आणि अर्ध्या तासाच्या आत दार उघडलंत तर मधे बसतो.

ई-१०२: एक गंभीर गोष्ट लिहिते, राग मानू नका. मळल्याने, भाजल्याने संध्याकाळ सुसह्य होते, तो उपचार नव्हे. मूल झोपत नसेल, जेवण टाळत असेल, रडू आवरत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल तर त्याच दिवशी १४४१६ला फोन लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट आणि चोवीस तास. बांबोळीला मानसोपचार संस्थाही आहे. मोठ्यांसाठीही हेच.

सचिव: नंबर ग्रुपवर पिन करतो आणि लिफ्टशेजारच्या फलकावर लावतो.

ए-३०२: धन्यवाद सगळ्यांना. काकू, शेवटचं विचारते. भाजलेली पोय टोपलीत उघडी ठेवायची का?

सी-१०४: मुळीच नाही, तासाभरात चिवट होईल. काढल्या काढल्या सुती फडक्यात गुंडाळा, वाफेने मऊ राहते. घरात कोंडा नसेल तर माझ्याकडे वाटीभर चाळून ठेवलाय, जिना चढताना घेऊन जा.