मदत हवी आहे: रत्नागिरीतल्या ऑफिसमध्ये जांभा आणि सडा कसा आणायचा?

सडेकरी:
पहिल्या मजल्यावर 850 चौरस फुटांचं ऑफिस, बसणारी माणसं 12. आत पाऊल टाकलं की इथला सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं कातळपठार, आठवावा, एवढीच इच्छा आहे. इंटिरियरवाल्यांनी सुचवलंय: पश्चिमेच्या 10 बाय 9 फुटी भिंतीवर जांभ्याचे 25 मिमीचे काप, वर चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) कोट. ती भिंत नको असेल तर तेच काप जिप्समच्या पार्टिशनवर. मीटिंग रूमच्या काचेवर कातळशिल्पं (सड्यावर कोरलेल्या प्राचीन आकृत्या) आणि बाकी सगळीकडे हिरवा कृत्रिम लॉन. पश्चिमेची भिंत बाहेरची आहे, जुलैत ओल धरते. काय ठेवू, काय काढू?

चिरेबंदी:
या दोन्ही भिंती नकोत. ओल्या भिंतीवर जांभा लावलात तर तो सच्छिद्र दगड ओल ओढून घेईल आणि पावसाळा सरता सरता पांढरा लोणा (क्षारांचा थर) बाहेर येईल. मग कितीही घासा, आतलं पाणी थांबेपर्यंत तो येतच राहतो. आधी बाहेरून प्लास्टरच्या भेगा आणि खिडकीच्या चौकटीभोवतीचे सांधे बुजवून घ्या. खात्री करायला पावसाळ्यात भिंतीवर 18 इंची चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं चिकटवा आणि 16 तासांनी काढा. भिंतीकडच्या अंगाला थेंब दिसले तर ओल भिंतीतूनच येतेय.

जिप्समचं गणित वजनावर अडतं. चौरस फुटाला दगड साडेचार किलो, मसाला दोन किलो. 90 चौरस फुटांना जवळजवळ 600 किलो, तेवढं पार्टिशनला पेलवणार नाही. आतली विटांची भिंत निवडा, आणि तीही एकच. जांभा उजेड गिळतो, चारी बाजूंनी लावला तर खोली काळवंडते.

काप पावसाळ्याआधीच आणून ठेवा, पावसात चिरेखाणी बंद असतात. शिवाय ताजा कापलेला दगड आत पाणी धरून असतो, तो वाळायला वेळ द्या. दगडावरची लाल भुकटी नायलॉनच्या ब्रशनं घासून धुवा. ती राहिली तर मसाला दगडाला न चिकटता भुकटीलाच चिकटतो आणि काप सुटतो. सिमेंटच्या मसाल्यात बसवणार असाल तर काप आधी भिजवा. कोरडा जांभा मसाल्यातलं पाणी शोषतो आणि नंतर ठोकून पाहिलं की पोकळ आवाज येतो. दिवसाला तीन फुटांपेक्षा जास्त उंचीपर्यंत काप लावू नका. क्लँप लावायचे तर स्टेनलेस 316चे; खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजून दगडावर डाग उतरतात.

पीयू कोट अजिबात नको. ओल आत अडकते, पापुद्रे सुटतात आणि सुंदर दगड प्लास्टिकसारखा दिसतो. भिंत पूर्ण वाळली की सिलेन-सिलॉक्सेनचा श्वास घेणारा सीलर मारा, पहिला हात ओला असतानाच दुसरा. आधी एका सुट्या कापावर मारून बघा, काही सीलरनी रंग गडद होतो.

गेंदफूल:
कृत्रिम लॉन रद्द करा. सडा हिरवागार असतो तो पावसाचे चार महिने. बाकी वर्षभर काळा कातळ आणि वाळलेलं सोनेरी गवत. तोच मूळ रंग धरा: फरशी राखाडी-काळी, कापड वाळल्या गवताच्या रंगाचं. सड्यावर फुलणाऱ्या सीतेच्या आसवांचा जांभळा एखाद-दुसऱ्या उशीत पुरे, गेंदाच्या फुलांचे पांढरे ठिपके काचेच्या फिल्मवर. सड्यावरची रोपं मात्र उपटून आणू नका. त्यांना ऊन, पाऊस आणि तो इंचभर मातीचा थर लागतो. एसीत ती जगत नाहीत.

कातळशिल्पांबद्दल माझा आग्रह आहे. कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. उक्षी गावच्या कातळशिल्पातला हत्ती काचेवर घ्यायचा तर प्रमाण न बदलता घ्या, खाली गावाचं नाव लिहा. वेगवेगळ्या ठिकाणच्या आकृत्यांची खिचडी करू नका.

सडेकरी:
दोघांचेही मनापासून आभार. आतली विटांची भिंत आहे. तिच्यावर दिवे कोणते?

चिरेबंदी:
3000 केल्विनचा पिवळसर उजेड, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90च्या वर. 6500च्या पांढऱ्या उजेडात जांभा चिखलासारखा दिसतो. दिवे भिंतीपासून आठ-दहा इंचांवर छतात, प्रकाश वरून खाली घासत जाईल असे; मग एकेका छिद्राची सावली पडते. टेबलांवर वेगळे 4000चे दिवे ठेवा, तिथे 500 लक्स हवा.