रेताड-मुरमाड अंगण आणि सोलापूरचं ऊन: भाजीपाला, फुलं लावणाऱ्यांनो, अनुभव सांगा

मृग लागला की रोपवाटिकांपुढं गर्दी होते, आणि त्यातली बरीच रोपं दिवाळी बघत नाहीत. सोलापूरची ओळख काळ्या रानाची खरी, पण नव्या वसाहतींत घर बांधताना काळी माती उचलून मुरूम भरतात, वर बांधकामाची वाळू सांडलेली असते. सीना-भीमेच्या काठच्या काही गावांत तर जमीनच वाळूसर. अशा मातीत पाणी थांबत नाही, खत थांबत नाही, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. तरीही इथं उत्तम बागा आहेत. त्या कशा उभ्या राहिल्या, हे ज्यांनी केलं त्यांच्याच तोंडून नव्या माणसांना कळावं म्हणून हा धागा.

सुरुवात माझ्यापासून. जुळे सोलापूर, घराच्या दक्षिणेला छोटी मोकळी जागा. रोप आणण्याआधी मी माती तपासली. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवून ठेवून द्यायची. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. माझ्या बरणीत जवळजवळ सगळी वाळूच खाली बसली होती. म्हणून पहिला उन्हाळा लावणीत न घालवता माती करण्यात घालवला: तलावातला सुकलेला गाळ, कुजलेलं शेणखत, ज्वारीच्या कडब्याचे तुकडे. चौरस मीटरला एक घमेलं शेणखत हा माझा हिशोब. वाळूत सेंद्रिय भाग लवकर जळून जातो, त्यामुळं हे दर हंगामाला द्यावं लागतं, एकदा घालून वर्षानुवर्षं पुरत नाही. पहिल्या पावसाला गवार, चवळी, भेंडी टोकली आणि कडेनं गलांडा लावला. पाणी वाढवून वाळूसर माती सुधारत नाही, ती खाऊ घालूनच सुधारते, असं माझं ठाम मत झालंय.

सीनाकाठ, मोहोळ तालुका

ताई, शेणखताचं बरोबर सांगितलंत. मी शेतकरी आहे, पण घराजवळचा परसबागेचा तुकडा आई बघते, तिथलं सांगतो. आमच्याकडं आधी ताग पेरतात. साधारण दीड महिन्यात, फुलं येऊ लागली की तो मातीत गाडायचा. त्यानं नत्र मिळतं आणि वाळूत पाणी धरणारा भाग वाढतो. कुजायला दोन-तीन आठवडे द्यायचे, मग लावण.

वाळूसर जमिनीला लोक नावं ठेवतात, पण गाजर, मुळा, रताळी, भुईमूग, काकडी, वाळूक यांना तीच मानवते. काळ्या मातीत गाजराला फाटे फुटतात, इथं सरळ खाली जातं. रताळी काढायला कुदळसुद्धा लागत नाही. नवख्या माणसानं पहिल्या वर्षी टोमॅटोच्या मागं लागण्यापेक्षा या पिकांनी सुरुवात करावी.

एक धोका मात्र सांगतो, कारण तो कुणी सांगत नाही. वाळूसर जमिनीत सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, जास्त. वांगं, टोमॅटो, भेंडी, दुधी भर दुपारी माना टाकतात, पाणी देऊनही वाढ खुंटते. रोप उपटून बघा, मुळांवर गाठी असल्या तर तोच. (शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी वेगळ्या. त्या नखानं सहज सुटतात आणि त्या चांगल्या.) उपाय म्हणून लोक टोमॅटोच्या कडेला दोन झेंडू लावतात. त्यानं भागत नाही. त्या वाफ्यात आधी दाट झेंडू घ्यायचा, दोनेक महिने वाढू द्यायचा, फुलं तोडून झाली की झाड तिथंच गाडायचं. त्यानंतर टोमॅटो. तागही सूत्रकृमी कमी करतो. एप्रिल-मेमध्ये वाफा ओला करून पारदर्शक प्लास्टिकनं चार-सहा आठवडे घट्ट झाकला तर आपलं सोलापूरचं ऊनच औषधाचं काम करतं. निंबोळी पेंड लावणीच्या वेळी हवीच.

होटगी रोड

गच्चीवर कुंड्यांत टोमॅटो आहेत. झाड तरारलेलं, फुलं भरपूर, पण एप्रिलपासून सगळी गळतात. पाणी कमी पडतंय का?

जुळे सोलापूर

पाण्याचा प्रश्न नाही, दादा. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर राहिलं आणि रात्रही गरम असली की टोमॅटोचं परागीभवन नीट होत नाही आणि फूल गळतं. गच्चीचा स्लॅब रात्रभर उष्णता सोडतो, त्यामुळं तिथं जास्तच. आपल्याकडं टोमॅटोची रोपं ऑगस्ट-सप्टेंबरात तयार करून थंडीत फळं घ्यावीत. उन्हाळ्यात त्या कुंड्यांत चवळी, गवार किंवा भेंडी.

पूर्व भाग

आमचं घर तेलुगू, सासूबाईंपासून गोंगुरा म्हणजे अंबाडी अंगणात असतेच. जूनमध्ये बी फेकायचं, वीतभर झाली की शेंडे खुडत राहायचे, खुडलं की फांद्या फुटतात. डाळीत घाला, भाकरीबरोबर भाजी करा. ऊन कितीही असो, कुरकुर नाही.

फुलांत मोगरा आणि अबोली. मोगऱ्याला जानेवारीच्या शेवटी, गड्डा यात्रेची (संक्रांतीची सिद्धेश्वर जत्रा) गर्दी ओसरली की पाणी तोडते, पानं झडू देते, छाटते, मग आळं उकरून शेणखत घालून पाणी सुरू. मार्चपासून कळ्या. अबोलीला दुपारची थोडी सावली द्या, नाहीतर पानं करपतात. उरलेल्या कोपऱ्यात ऑफिस टाइम (चिनी गुलाब) आणि सदाफुली. त्यांना नुसती वाळू दिली तरी चालते.

विजापूर रोड, निवृत्त शिक्षक

बोअरच्या पाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आमच्या भागात पाणी क्षाराचं आहे. मातीवर पांढरा थर येतो आणि गुलाबाच्या पानांच्या कडा जळतात. रेताड मातीचा एक मोठा फायदा इथं आहे. तिच्यातून क्षार पटकन धुऊन खाली जातात. म्हणून मी पावसाळ्यात छताचं पाणी थेट वाफ्यांवर सोडतो आणि एरवी नळाला पाणी आलं की एखादं भरपूर पाणी त्याचं देतो. रोज वरवर शिंपडलं तर क्षार वरच साठतात. क्षार सोसणारी फुलझाडं म्हणजे कण्हेर आणि बोगनवेल. आमच्या कुंपणाला हीच दोन आहेत आणि भर उन्हाळ्यात घर त्यांनीच सजतं. पाणी तपासून घ्यायचं असेल तर मातीपरीक्षण प्रयोगशाळेत पाण्याचीही तपासणी होते.

बाळे

उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, तेवढ्यात वाळूतलं रोप सुकतं. आम्ही जुने, झिलई नसलेले मातीचे माठ गळ्यापर्यंत पुरले आहेत. भरून वर झाकण. माती कोरडी झाली की माठ पाझरतो, ओली असली की पाझर मंदावतो. भोवती दुधी, दोडका, कारली. वरून उसाचं पाचट, हातभर जाड.

सीनाकाठ, मोहोळ तालुका

पाचटावरून आठवलं. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, रस गाळून उरलेला गाळ) स्वस्तात मिळते म्हणून ताजी आणून थेट घालू नका. ती कुजताना तापते आणि मुळं जाळते. ढीग करून, ओली ठेवून, दोन-तीन महिने चांगली कुजवा, हाताला गार लागली की मग वापरा. आणि युरिया वगैरे द्यायचाच असेल तर चिमूटचिमूट, पुनःपुन्हा. वाळूत एकदम दिलेला दुसऱ्या पाण्याला मुळांखाली निघून जातो.

अक्कलकोट रोड

दसऱ्याच्या झेंडूचं वेळापत्रक कुणी सांगेल का? दरवर्षी फुलं दसऱ्यानंतर येतात.

जुळे सोलापूर

लावणीपासून फुलायला साधारण दोन महिने धरा आणि दसऱ्याच्या तारखेवरून मागं मोजा. रोप तयार व्हायला त्याआधी तीन-चार आठवडे. म्हणजे बहुतेक वर्षी बी जुलैत पडायला हवं. शेंडा खुडलात तर फुलं जास्त, पण थोडी उशिरा, तेही मोजणीत धरा. आपल्याकडं भरवशाचा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताचा. नेमका तेव्हाच झेंडू कळ्यांवर असतो आणि पाण्यानं फुलं सडतात. वाफा थोडा उंच करा, दोन रोपांत दीड फूट ठेवा, काठीचा आधार द्या. यंदा दिवाळीलाही फुलं हवी असतील तर थोडं बी राखून तीन आठवड्यांनी पुन्हा टाका.