वाड्यामागं पडलेली शिडाची होडी घेतलीय, सुरुवात कुठनं करू?

कृष्णाकाठ_सांगली:

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबणार आहे, आधीच सांगतो. मी सांगलीचा, कुपवाड एमआयडीसीत छोटं लेथचं वर्कशॉप आहे. बोटीतलं म्हणाल तर शून्य, लहानपणी काठावर उभं राहून कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती बघितल्या तेवढाच संबंध.

आमच्या गल्लीत आर्मीतनं रिटायर झालेले एक काका होते, ते पुण्यात असताना शिडाची बोट चालवायचे आणि रिटायर झाल्यावर ती ट्रकात घालून इकडं घेऊन आले. इथं आणून कुठं चालवणार होते देव जाणे, बहुतेक कोयनेला न्यायचं डोक्यात असावं, पण नेली कधीच नाही. काका गेले, मुलं बाहेरगावी, वाडा विकायला निघाला आणि भंगारवाला दारात आला. त्याला फक्त ॲल्युमिनियमची डोलकाठी पाहिजे होती, किलोवर. बाकी सगळं बंबात घाला म्हणाला. ते ऐकून मला काय झालं कुणास ठाऊक, मी ७,००० देऊन सगळंच उचललं. बायको चार दिवस बोलली नाही, आता बोलते पण बोटीला "तुमची ती" म्हणते.

बोट १३ फूट ३ इंच भरली, प्लायवुडची आहे. दोन शिडं, दोन्ही निळी, मोठ्यावर इंग्रजी ई अक्षर आणि खाली नंबर. आंब्याखाली सुलटी ठेवलेली, त्यामुळं १४-१५ वर्षं पावसाचं पाणी आणि पाला आतच. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ही तरंगली, आंब्याला दोरी होती म्हणून गेली नाही, आणि पाणी उतरलं तेव्हा कंपाउंडच्या भिंतीवर आडवी बसलेली सापडली. इतक्या वर्षांत पाण्याला लागली ती तेवढीच.

आतापर्यंत मी फक्त धुतलीय, तळाच्या चिरा एमसीलनं भरल्यात आणि एक लिटर निळा ऑइलपेंट आणून ठेवलाय. पुढं काय? शिडं वापरता येतील का? आणि तयार झालीच तर चालवायची कुठं?


पुणेरी_वारा:

दादा, पहिलं काम, तो पेंटचा डबा माळ्यावर टाका. दुसरं काम, एमसील खरवडून काढा. ओरडतोय असं समजू नका, पण ओल्या लाकडावर रंग मारणं म्हणजे ओलं तांदूळ डब्यात भरून झाकण लावण्यातला प्रकार आहे.

तुमची बोट एंटरप्राइज. १९५६ मध्ये जॅक होल्ट या इंग्रज डिझायनरनं आखलेली, दोन माणसांची, निळी शिडं ही तिची जुनी ओळख. आपल्याकडे आमच्यासारख्या कितीतरी जणांनी शिडाचे पहिले धडे हिच्यावरच गिरवलेत. चांगली बोट आहे, माफ करणारी आहे, ७,००० ला डोलकाठी आणि शिडांसकट म्हणजे तुम्ही भंगारवाल्याला गंडवलंत.

आता पेचकस घ्या आणि त्याच्या मुठीनं सगळी बोट वाजवत जा, आतनं बाहेरनं, वीतभर अंतरावर. चांगलं प्लाय टणटण वाजतं, कुजलेलं भदभद. जिथं भद वाजेल तिथं खडूनं गोल. मग त्या गोलात पेचकसाचं टोक जरा दाबून बघा, लोण्यासारखं आत गेलं तर ते प्लाय गेलं. कुजण्याच्या जागा ठरलेल्या असतात: मधली फळी, म्हणजे बोट आडवी सरकू नये म्हणून तळातनं पाण्यात सोडतात ती, तिची उभी पेटी असते ना, तिच्या बुडाशी, डोलकाठी जिथं टेकते तिथं, मागच्या आडव्या फळीचे खालचे दोन कोपरे, आणि हवेच्या टाक्यांच्या आत. हवेच्या टाक्या म्हणजे बोट उलटली तरी बुडू नये म्हणून ठेवलेल्या बंद पोकळ्या. त्यांची झाकणं इतकी वर्षं बंद होती का? बंद असतील तर खरी गंमत आत आहे.

शिडं आधी साध्या साबणाच्या पाण्यात हातानं धुवा, वॉशिंग मशीनला दाखवूसुद्धा नका. कापड पॉलिएस्टरचं असतं, ते बरंच टिकतं, आधी जातो तो शिवणीचा दोरा, उन्हानं. शिवणीवर नख घासा, दोरा पिठासारखा सुटला तर सगळ्या शिवणी परत मारायच्या, कापड ठीक असेल तर नवीन शीड घ्यायची गरज नाही. डोलकाठीला धरणाऱ्या स्टीलच्या तारा मात्र डोळे झाकून बदला. फडकं फिरवून बघा, अडकलं तर तारेचा धागा तुटलेला आहे. बोटानं बघू नका, रक्त काढतो.


भडंगवाला:

कृष्णेत चालवायची असेल तर भिलवडी-औदुंबरकडच्या मगरींना आधी कळवून ठेवा 😀 पहिल्यांदा शिकणारा माणूस उलटतोच म्हणतात.

जोक बाजूला, शर्यतीच्या होड्या दुरुस्त करणारे सुतार आपल्या सांगलीतच आहेत की, घाटावर विचारा. पावसाळ्याच्या आधी त्यांचं काम चालू असतं. फर्निचरच्या सुताराकडं जाऊ नका, तो सनमायका लावून देईल.


देवगडकर:

आमच्या घरात दोन पिढ्या होड्या बांधल्या, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

लोकांना वाटतं खारं पाणी लाकूड खातं. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात हे खरं, पण कुजणं म्हणशील तर ते गोड्या पाण्यानं, त्यातही साचलेल्या पावसाच्या पाण्यानं. मिठात बुरशी सहज धरत नाही. आमच्याकडे होडी पाण्यात असते तोवर बरी असते, वर काढून सुलटी ठेवली आणि कोणी लक्ष दिलं नाही की दोन पावसाळ्यांत संपते. तुझ्या बोटीनं तर पंधरा काढलेत.

म्हणून उद्याच उलटी कर. ठोकळ्यांवर, जमिनीपासून गुडघाभर वर, खालनं वारा खेळला पाहिजे. वरनं ताडपत्री टाकलीस तर ती बोटीला चिकटवू नको, मांडवासारखी उंच बांध. आणि तीन महिने हात लावू नको. तुम्हा घाटावरच्या लोकांना कोरडी हवा फुकट मिळते ती वापर, आम्हाला मिळत नाही.

दुसरं, कोणी सांगेल की चंद्रूस, डांबर, माशाचं तेल लावा, जुनं ते सोनं. ते फळ्यांच्या होडीला. फळ्यांची होडी फुगते आणि सांधे मिटतात, तिला तेल चालतं. प्लाय फुगलं की पदर सुटतात. आणि एकदा तेल मुरलं की त्यावर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचं रेझिन, धरत नाही, मग कायमचं बोंबलत बस.


कंदीपेढा_सातारा:

चालवायच्या जागेबद्दल मी सांगतो, कारण आमचं गाव बामणोलीच्या बाजूचं. साताऱ्याहून कासवरनं खाली उतरलं की पस्तीसेक किलोमीटरवर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं पाणी. जागा एक नंबर, पण वारा सरळ नसतो, डोंगरांच्या घळीघळीतनं येतो, एका मिनिटाला काही नाही आणि पुढच्या मिनिटाला थोबाडीत. शिकायला आलात तर सकाळी लवकर या. पावसाळ्यात नावच काढू नका.

ऑक्टोबर ते जानेवारी पाणी काठापर्यंत असतं तेव्हा बोट उतरवणं सोपं. एप्रिल-मेला पाणी इतकं खाली जातं की बोट डोक्यावर घेऊन चिखलातनं चालावं लागेल, शिवाय धरणात गेलेल्या जुन्या गावांचे दगड आणि झाडांचे खुंट पाण्याच्या वीतभर खाली असतात, तुमची ती मधली फळी त्यात अडकली की कार्यक्रम. तिथल्या लाँचवाल्यांना विचारल्याशिवाय एक फूट पुढं जाऊ नका, त्यांना प्रत्येक खुंट माहिती आहे.

धरणाच्या भिंतीकडं अजिबात जाता येत नाही आणि एका काठाला अभयारण्य आहे. पाटबंधारे आणि वनखातं दोन्हीकडं आधी लेखी विचारा. तोंडी "जावा की" म्हणणारे भरपूर भेटतात, नंतर कुणी ओळख देत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डोलकाठी उभी करायच्या आधी वर बघा!! कोयना असो नाहीतर कृष्णा, काठावर शेतीपंपांच्या लाइनी असतात, तारा कुठंकुठं लोंबलेल्या. वीसेक फुटांची ॲल्युमिनियमची काठी आणि स्टीलच्या तारा, म्हणजे तुम्ही हातात वायरच धरून चालताय. काठी आडवी ठेवूनच बोट पाण्यापर्यंत न्या.


कृष्णाकाठ_सांगली:

सगळ्यांचे आभार, इतकं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. रविवारी वर्कशॉपमधली पोरं बोलावून बोट उलटी केली, एमसील खरवडला (दोन तास गेले, स्वतःलाच शिव्या दिल्या) आणि सगळी वाजवली. मुलीला खडू दिला होता, तिनं १९ गोल काढलेत. मागचे दोन्ही कोपरे गेले, पेचकस आरपार. पेटीच्या बुडाशी डावीकडं वीतभर. पुढच्या टाकीचं झाकण उघडलं तर आतनं असा वास आला की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली, आत चक्क पाणी होतं, आणि मुंग्या. तळ मात्र बहुतेक टणटण आहे. डोलकाठीच्या रिव्हेटांभोवती पांढरी पावडर दिसतेय, ते काय?

आणि कळणार कसं की बोट वाळली? वरनं हात लावला तर आत्ताच कोरडी लागते.


पुणेरी_वारा:

तळ टणटण आहे ना, मग बोट वाचली. कोपरे आणि पेटीचं बूड हे त्रासाचं काम आहे, पण होण्यासारखं आहे. पांढरी पावडर म्हणजे ॲल्युमिनियम गंजतंय, स्टीलचा रिव्हेट आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. तुमचं तर लेथचं काम आहे, रिव्हेट ड्रिल करून काढा, भोकं मोठी झालीत का बघा, नवीन बसवताना मधे पातळ प्लास्टिकचं वायसर घाला.

वाळली का ते वजनावरनं कळतं. नुसती बोट, काठी-शिडं-फळी-सुकाणू सोडून, मुळात नव्वद-पंच्याण्णव किलोच्या आसपास असायला पाहिजे. वर जेवढं भरेल त्यातलं थोडं जुन्या रंगाचं आणि बाकी पाणी. काट्यावर घाला, लिहून ठेवा, दर पंधरा दिवसांनी परत. वजन उतरायचं थांबलं की वाळली.

प्लाय घेताना दुकानदार "वॉटरप्रूफ आहे साहेब" म्हणेल, ऐकू नका, मरीन म्हणजे आयएस ७१०, शिक्का बघून घ्या. शंका आली तर एक तुकडा घरी तासन्‌तास उकळा, पदर सुटले तर दुकानात परत. जुन्याला नवीन जोडताना नुसतं टोकाला टोक लावायचं नाही, दोन्ही कडा तिरप्या तासायच्या, जाडीच्या आठपट. म्हणजे ६ एमएमचं प्लाय असेल तर ४८ एमएम उतार, मग एकावर एक बसवून इपॉक्सी. रंध्यानं उतार काढताना प्लायचे पदर पट्ट्यांसारखे दिसतात, पट्ट्या सरळ आल्या म्हणजे उतार बरोबर.


देवगडकर:

इपॉक्सीबद्दल माझं एक ऐक. सांगलीच्या उन्हात दुपारी मगभर कालवलंस तर ब्रश बुडवायच्या आत मगातनं धूर येईल. उष्णता जितकी जास्त तितकं लवकर धरतं, आणि ढीग करून ठेवलं तर स्वतःच्याच गरमीनं पेटतं. संध्याकाळी कर, थोडंथोडं कालव, आणि मगात न ठेवता पसरट ताटलीत ओत. घरातली ताटली घेऊ नको, आधीच "तुमची ती" चालू आहे. आणि जूनच्या आत आटप, दमट हवेत वर मेणचट थर येतो, तो धुतल्याशिवाय पुढचा थर बसत नाही. रेझिनच्या दुकानात पॉलिएस्टर रेझिन स्वस्त म्हणून गळ्यात मारतील, ते इपॉक्सीवर नीट धरत नाही.


भडंगवाला:

टाक्या हवाबंद झाल्यात का ते पंक्चरवाल्यासारखं बघायचं का? साबणाचं पाणी आणि बुडबुडे?


पुणेरी_वारा:

अगदी तसंच. झाकणाच्या भोकातनं तोंडानं हळू फुंकायचं आणि सांध्यांवर फेस लावायचा. पंप लावू नका, टाकीचे सांधे उघडतील. आणि पाण्यात पहिल्यांदा उतराल तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटी करून बघा, लाइफ जॅकेट घालून, दोघांनी. पोहता येतं म्हणून जॅकेट नको म्हणणारा बरोबर असेल तर त्याला काठावरच ठेवा. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते सांगलीच्या माणसाला मी सांगायला नको.


कृष्णाकाठ_सांगली:

नाही, ते सांगायला नको. जॅकेटं आधी, बाकीचं नंतर.

काल मार्केट यार्डात ओळखीच्या अडत्याकडं नेली बोट, छोट्या टेम्पोत, पार्श्वभाग बाहेर, लाल फडकं बांधून. हळदीचा सीझन, काट्यावर पोत्यांची लाइन, त्यात आमची बोट. हमाल हसले पण चौघांनी नीट उचलून ठेवली, एकानं विचारलं किती क्विंटल लावू. १३८ किलो भरली. म्हणजे चाळीसेक किलो तर वरचंच आहे. ठोकळे केलेत, मांडव उद्या बांधतो, टाक्यांची झाकणं सगळी उघडी ठेवलीत. अडत्या म्हणाला दर पंधरा दिवसांनी आण, पण सकाळी ८ च्या आत, सौदे सुरू झाल्यावर नको.