खुर्ची कुणी उचलली?

[६:५१] अ-१०२ माने काकू: गेटजवळ रक्त दिसतंय ते वॉचमन मामांचं आहे, घाबरू नका. दूध घ्यायला उतरले तर मामा पायरीवर बसलेले आणि घोट्यातनं चिळकांडी उडालेली. चप्पल रक्तानं भरली होती. आता तरी सांगा, त्यांची खुर्ची कुणी उचलली?

[६:५८] सागर ब-२०१: मी रुमाल पोटरीला करकचून बांधायला निघालो होतो, सिस्टरनी हातावर फटका दिला 😅

[७:०३] क-१०४ सिस्टर: आवळायचं नसतंच. माणसाला आडवं करायचं, पाय छातीच्या वर उचलायचा आणि रक्त येतं नेमकं तिथंच स्वच्छ कापडानं दाबून धरायचं. सारखं उघडून बघायचं नाही. दुधाच्या क्रेटवर पाय ठेवला, पंधरा मिनिटांत थांबलं. सागर दवाखान्यात घेऊन गेलाय.

[७:०६] ब-३०४ इंगवले काका: सुप्रभात. मामांना लवकर आराम पडो. पण गेटवर खुर्ची ठेवायची नाही, असा सभेत ठराव झाला होता. मामा झोपतात.

[७:०८] माने काकू: १२ तास उभं राहून बघा, मग बोला.

[७:१०] अ-३०१ वैशाली वहिनी: पण एवढ्याशा जखमेतनं एवढं रक्त? मामा तर नायटा आहे म्हणून मलम लावत होते.

[७:१९] सिस्टर: नायटा नव्हे तो, व्हेरिकोज आहे. पायाच्या शिरांत झडपा असतात, वर चढलेलं रक्त खाली येऊ देत नाहीत. त्या निकामी झाल्या की रक्त घोट्याशी तुंबतं, शिरा फुगतात. दाबानं रक्त कातडीत पाझरतं, त्यातलं लोह साठून काळपट डाग पडतो आणि खाज सुटते. मामांनी रात्री खाजवलं, पातळ झालेली कातडी फुटली. हे असंच अंगावर काढलं तर तिथं जखम होते आणि महिनोन् महिने भरत नाही. वॉर्डात अशा जखमा मी वर्षानुवर्षं धुतल्यात.

[७:२१] इंगवले काका: ठराव झाला होता. मामा झोपतात.

[७:२२] सागर: काका, तोच मेसेज 🙏 आमच्या तालमीत वस्ताद तेल लावून पोटरी रगडतात, एका दिवसात मोकळी. मामांना नेऊ का?

[७:२६] सिस्टर: अजिबात नको. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखून गरम लागली तर आत गुठळी असू शकते. ती रगडून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. त्यात धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तडक दवाखाना.

[७:२७] सागर: वस्तादांना कळवतो 😶

[७:३१] सिस्टर: आणि नुसती खुर्ची देऊनही भागायचं नाही. पोटरी हा पायातला पंप आहे. चाललं की ती शिरा दाबते, रक्त वर चढतं. पाय खाली सोडून तासन् तास बसलं तरी पंप बंदच.

[७:३२] इंगवले काका: बघा. सिस्टरच म्हणतात खुर्ची नको.

[७:३३] सिस्टर: काका, मी असं म्हटलेलं नाही.

[७:३४] माने काकू: म्हणजे आता माझंच चुकलं का? दोन महिने भांडतेय त्या खुर्चीसाठी.

[७:३६] सिस्टर: काकू, खुर्ची हवीच. समोर पाय ठेवायला स्टूलही हवं. मधेमधे गेट ते पार्किंग फेरी मारायची, उभं असताना टाचा वर-खाली करायच्या.

[७:४१] वैशाली वहिनी: मलाही व्हेरिकोजसाठी दिलेले ते घट्ट मोजे कपाटात पडलेत. चढवता चढवता घाम फुटतो, शाळेची बस चुकते.

[७:४५] सिस्टर: सकाळी अंथरुणातनं उठायच्या आधी चढवा, तेव्हा सूज नसते. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ओढा, पकड बसते. वरची कड दुमडू नका, तिथंच काचतं. रात्री काढून ठेवा. मामांना मात्र मी मेडिकलमधनं परस्पर आणून देणार नाही. त्यांना शुगर आहे, तंबाखूही आहे. पायाकडं रक्त नेणारी रोहिणी आधीच अरुंद असेल तर घट्ट मोजा घातक ठरतो, आधी तपासावं लागतं. कलर डॉपलरही होईल, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी. गरज पडली तर ती खराब शीर लेझरनं आतून बंद करतात, जागेपुरती भूल देऊन.

[७:४९] अ-२०३ शिंदे आण्णा: सिस्टर, माझे दोन्ही पाय संध्याकाळी सुजतात. मी पण घालू का मोजे?

[७:५१] सिस्टर: आण्णा, तुमची बीपीची गोळी अॅम्लोडिपिन आहे ना? तिच्यानंही सूज येते. हृदय, किडनी, कारणं बरीच असतात. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

[७:५५] सागर: मामा ओके. पट्टी झाली. चहा मागतायत, म्हणजे ठणठणीत 💪 आणि एक, निळी खुर्ची खालनं दिसतेय मला. ब-३०४ च्या गॅलरीत. वर तुळशीची कुंडी.

[७:५६] माने काकू: काय सांगतोस!

[७:५८] इंगवले काका: हा मेसेज डिलीट करण्यात आला

[८:०४] इंगवले काका: खुर्ची खाली ठेवली आहे. कुंडी कुठं ठेवायची ते सोसायटीनं ठरवावं.

[८:०५] माने काकू: आमच्या दारात नको.